बिनखोक्याचा मास्क

मी एक जुना पाण्याचा चष्मा आहे. कासारवाडी स्टेशनच्या मागे एक चाळ आहे. तिथे साहेबरावांच्या खोलीत, दाराशेजारच्या खिळ्यावर मी टांगलेला असतो. माझ्या एका बाजूला कंदील आहे आणि दुसऱ्या बाजूला कॅलेंडर. लोणावळ्याची गाडी गेली की भिंत थरथरते आणि मी खिळ्यावर हलकेच डोलतो. पाण्यात असल्यासारखं वाटतं. म्हणून मला गाडीचा कधी कंटाळा येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा चष्मा तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. जाड काळं रबर, समोर लंबगोल काच, काचेभोवती स्टीलची पट्टी आणि डोक्यामागे अडकवायचा रबरी पट्टा, असं माझं रूप. डोळे आणि नाक माझ्या आत बसतात. पाण्यात नुसते डोळे उघडले तर सगळं पुसट दिसतं. मी डोळ्यांपुढे थोडी हवा धरून ठेवतो आणि मग पाण्यातलं सगळं लख्ख दिसतं. माझं काम एवढंच. पण ती हवा धरायची तर माझी कड चेहऱ्याला घट्ट बसावी लागते. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट त्या कडेचीच आहे.

माझा जन्म १९६७ सालचा, चिंचवडच्या एका रबराच्या कारखान्यातला. तिथे एरवी मोटारींना आणि पंपांना लागणारी रबरं बनत. त्या वर्षी मात्र एक वेगळीच ऑर्डर आली. दूर समुद्रात एक छोटंसं बेट होतं. देशोदेशीचे हौशी लोक तिथे सुट्टीला यायचे आणि समुद्राच्या तळाशी उतरायचे. त्यांच्यासाठी पाचशे मास्क हवे होते. कंपनीत मला मास्कच म्हणत. ऑर्डरीबरोबर त्या बेटाचं एक रंगीत चित्र आलं होतं. आमचे सुपरवायझर दौलतराव, मूळचे मालवणकडचे. त्यांनी ते चित्र रबर दाबायच्या प्रेसच्या शेजारी भिंतीवर चिकटवलं. निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेले माड, आणि होडीच्या काठावरून पाण्यात उतरणारी माणसं.

दुपारच्या सुट्टीत सगळे त्या चित्रापुढे उभे राहिले.

"पाठीला काय बांधलंय राव त्यांनी? वेल्डिंगचं नळकांडं?" मारुतरावांनी विचारलं. ते रहाटणीचे. सकाळी शेत आणि दुपारी शिफ्ट, असा त्यांचा दिवस.

"हवा आहे त्यात. खाली श्वास घ्यायला," दौलतराव म्हणाले.

"म्हंजी सुट्टीत बी वझं व्हायचं? आन् खाली जाऊन करत्यात काय?"

"मासे बघतात."

"धरत न्हाईत?"

"नाही."

"खात बी न्हाईत?"

"नाही हो. नुसते बघतात आणि वर येतात."

मारुतरावांनी थोडा विचार केला. "मंग लई खाऊन-पिऊन सुखी असणार," ते म्हणाले, आणि सगळे हसले.

एक माणूस तेवढा हसला नाही. तेच साहेबराव. करमाळ्याकडच्या कोरड्या मुलखातून तीन वर्षांपूर्वी ते कामाला आले होते. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. ते त्या निळ्या रंगाकडे बघत राहिले आणि भोंगा झाल्यावर प्रेसवर परत आले.

मला त्यांनीच घडवलं. काजळी आणि गंधक घातलेल्या रबराची मऊ लादी त्यांनी कापली, साच्यात ठेवली, आणि वरून प्रेस खाली आणला. आत वाफेची धग होती. पंधरा मिनिटं मी त्या धगीत होतो. साचा उघडला तेव्हा मला आकार आला होता. मग बायकांनी कात्रीने माझ्या कडेचं जास्तीचं रबर कातरलं, काच बसवली, पट्टी आवळली.

मग परीक्षा. दौलतरावांचा नियम असा, की प्रत्येक मास्क माणसाच्या तोंडावर चढवून टाकीच्या पाण्यात बुडवून बघायचा. "ज्याचा जीव त्यावर राहणार, त्याला नुसता शिक्का नको," ते म्हणत. साहेबरावांचा दम सगळ्यांत मोठा. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. म्हणून हे काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी पाचशेपेक्षा जास्त डुबक्या मारल्या. आणि मित्रांनो, पाचशे वेळा त्यांना एकच दृश्य दिसलं. टाकीच्या तळाचं सिमेंट, आणि कुणाच्या तरी खिशातून पडलेला एक गंजका पाना.

"काय दिसलं ओ साहेबराव?" कुणीतरी विचारायचं.

"पाना," ते म्हणायचे. आणि पुढचा मास्क चढवायचे.

माझी पाळी आली. पाण्याचा एक थेंब मी आत येऊ दिला नाही. पण दौलतरावांनी मला उजेडात धरून कडेवरून अंगठा फिरवला आणि ते थांबले. डाव्या कानशिलाजवळ माझ्या रबरात ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा राहिला होता. त्यांनी लाल खडूने माझ्यावर फुली मारली.

"पाणी आलं नाही साहेब आत," साहेबराव म्हणाले.

"आज आलं नाही. तळाशी गेल्यावर आलं तर? रिजेक्ट."

माझे भाऊ एकेका निळ्या खोक्यात बसले. प्रत्येक खोक्यात घडी केलेला एक इंग्रजी कागद होता. मास्क कसा वापरावा आणि कसा जपावा, ते त्यात लिहिलेलं. खोकी लाकडी पेटीत गेली, पेट्या ट्रकमध्ये, आणि ट्रक फाटकाबाहेर. मी रिजेक्टच्या पिंपात उताणा पडून ते बघत होतो. मला खोका मिळाला नाही, आणि तो कागदही मिळाला नाही.

रिजेक्ट माल तुकडे करून टाकायचा अशी रीत होती. पण साहेबराव दौलतरावांच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, हा मला द्या."

"अहो, इथल्या माळावर मासे बघणार का?"

"कुठं ना कुठं बघीन. पाचशे जणांना डोळे दिले साहेब. आपण एकदा तरी बघावं, ते काय बघतात."

दौलतरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग गेटपास लिहिला. 'मास्क, सदोष, एक नग.' ते माझं जन्मपत्र समजा. तसा मी साहेबरावांच्या डब्याच्या पिशवीतून कासारवाडीला आलो.

घरी सोजरबाई होत्या. साहेबरावांच्या पत्नी. कडेवर वर्षाची चतुरा. आजीचं नाव ठेवलेलं, म्हणून एवढ्याशा पोरीला एवढं भारदस्त नाव. सोजरबाईंनी मला हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "कशाला लागतंय हे?"

"पाण्यात उतरून बघायला."

त्यांनी मला लगेच खाली ठेवलं. त्यांचा धाकटा भाऊ गावच्या बारवेत बुडाला होता, हे मला पुढे कळलं. त्या दिवसापासून पाणी म्हटलं की त्यांचा हात आपोआप चतुराला घट्ट धरायचा.

पुढच्या उन्हाळ्यात रहाटणीला मारुतरावांच्या विहिरीवरचा पंप पाणी ओढेना. पाइपाच्या बुडाशी एक झडप असते, तिच्यात कचरा अडकला होता. खोल पाण्यात नुसत्या हाताने चाचपडून मारुतरावांची दोन माणसं थकली. साहेबरावांनी मला नेलं. सोजरबाई मागोमाग आल्याच, पोरीला घेऊन. विहिरीच्या काठावर गाव जमला.

"साहेबराव, घाण्याच्या बैलाची झापड बांधली का काय डोळ्याला?"

"न्हाई रं, खाली वरात हाय, ती बघायला चाललेत!"

साहेबरावांनी मला पाण्याने ओलं केलं, चेहऱ्यावर बसवलं आणि ते खाली गेले. वर सोजरबाई मोठ्याने मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. भाऊ गेला तेव्हा कुणी मोजलं नव्हतं, म्हणून त्या मोजत होत्या. वीस झाल्यावर त्यांचा आवाज चिरला. "वर या! अहो, वर या!" तो आवाज मला पाण्यातही ऐकू आला.

मित्रांनो, ते माझं पहिलं खरं पाणी. हिरवं, गार, वरून एक तिरकी उन्हाची काठी आत आलेली. त्या उजेडात एक कासव पाय हलवत गेलं. साहेबराव झडपेचा कचरा काढायचं सोडून क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो. चौतिसाव्या आकड्याला आम्ही वर आलो.

"पंप चालू करा," साहेबराव म्हणाले. मग सोजरबाईंकडे वळून, धापा टाकत, लहान पोरासारखे म्हणाले, "सोजर, कासव होतं खाली! विहिरीत एवढं असतं, तर समुद्रात काय असंल गं?"

सोजरबाईंच्या ओठावर रक्त होतं. दातांनी ओठ चावला होता त्यांनी. त्या म्हणाल्या, "पुन्हा उतरलात तर मी पोरीला घेऊन करमाळ्याची गाडी धरीन. सांगून ठेवते."

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मला लोखंडी ट्रंकेत ठेवलं आणि कुलूप लावलं. मित्रांनो, त्यांच्यावर रागावू नका. ज्याला भीती वाटते ना, तो माया कमी करत नसतो. आणि तुम्हीही कुणी मोठं माणूस काठावर असल्याशिवाय पाण्यात उतरू नका. विहीर असो की नदी. मोजणारं कुणीतरी हवंच.

ट्रंकेत माझे शेजारी होते लग्नाचा शालू, पितळी समई आणि डांबरगोळ्या. काही दिवसांनी कारखान्याच्या भिंतींना रंग द्यायला काढला, तेव्हा बेटाचं ते चित्र साहेबरावांनी घरी आणलं आणि ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं. तेव्हापासून बेट माझ्या डोक्यावर होतं, पण अंधारात दिसत नव्हतं. सणावाराला झाकण उघडलं की आधी उजेड यायचा, मग निळा रंग वर वर जायचा, आणि मला माझे भाऊ आठवायचे. आता ते कुणाच्या चेहऱ्यावर असतील? प्रवाळाच्या कपारीत डोकावत असतील का? समुद्राचं मीठ त्यांच्या काचेवर वाळत असेल का? मग झाकण बंद व्हायचं.

"यंदा दिवाळीत जाऊ समुद्राला," साहेबराव दरवर्षी म्हणत. एका वर्षी ओव्हरटाइम लागला. एका वर्षी चतुराला गोवर आला. बहात्तर साली दुष्काळ पडला, करमाळ्याहून माणसं आली आणि खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या साली मारुतरावांची विहीरसुद्धा आटली. ते कासव कुठे गेलं असेल, असा विचार मी ट्रंकेत पडून करायचो. एका वर्षी संप झाला. पुढे साहेबराव नुसतं "यंदा" एवढंच म्हणू लागले, आणि मग तेही म्हणेनासे झाले.

त्या सगळ्या वर्षांत मी एकदाच कामाला आलो. सोजरबाई मिरच्या कांडत होत्या. मिरच्या अशा जहाल, की डोळे उघडवेनात. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, ट्रंक उघडली, मला तोंडावर चढवलं आणि पदर बांधून पुन्हा कांडायला बसल्या. तेवढ्यात शेजारच्या मंजुळाबाई आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"अगं बया! सोजर, विमान चालवतीस का काय?"

"मिरची चालवते," आतून सोजरबाई म्हणाल्या. नाक बंद, त्यामुळे आवाज बदकासारखा. दोघी हसून हसून भिंतीला टेकल्या. मीही खूश होतो. कुणाच्या तरी डोळ्यांपुढे होतो ना! संध्याकाळी त्यांनी मला पुसलं आणि पुन्हा कुलूप लावलं.

मग एकोणऐंशी साल आलं. साहेबराव कारखान्यात चालत्या ट्रॉलीला धडकले. ट्रॉली बाजूने येत होती, आणि ती त्यांना दिसलीच नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, असलेली थेंब घालून जपायची, ती किती दिवस राहील ते सांगता येत नाही. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. पाइपातून बघावं तसं.

मला वाटलं, अरे, हे तर माझ्यासारखं झालं. मलाही फक्त समोरचंच दिसतं.

त्यांना प्रेसवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. एका दुपारी घरात कुणी नाही असं समजून त्यांनी ट्रंक उघडली. झाकणाजवळ तोंड नेलं आणि ते चित्र बघायला लागले. आधी माड. मग मान थोडी वळवून वाळू. मग होडी. मग पाणी. आख्खं बेट एका वेळी त्यांच्या नजरेत मावत नव्हतं, म्हणून ते तुकड्या-तुकड्याने बघत होते. दारात भाजीची पिशवी घेऊन सोजरबाई उभ्या होत्या. आवाज न करता त्या मागच्या मागे फिरल्या, आणि घटकाभराने मुद्दाम चपला वाजवत आत आल्या.

काही दिवसांनी जेवताना त्या म्हणाल्या, "आपण तिथं जायचं."

"कुठं?"

"त्या ट्रंकेतल्या बेटावर."

साहेबराव हसले. "ते दुसऱ्या देशात आहे, सोजर."

"मग आपल्या एवढ्या समुद्रात एक बेट न्हाई का? दौलतरावांना विचारा. तुम्हाला जमत नसंल तर मी विचारते."

आणि त्यांनी खरंच विचारलं. दौलतरावांच्या गावासमोर खडकांचं एक छोटं बेट होतं. भोवती कमरेइतकं, काचेसारखं पाणी. तळाशी रंगीत मासे. "नळकांडं लागायचं नाही," ते म्हणाले, "वहिनी, नुसतं तोंड बुडवलं तरी दिसतं. पण थंडीतच जा. तेव्हा पाणी निवळ असतं." थोडे पैसे साठवून एक्याऐंशीच्या संक्रांतीनंतर जायचं ठरलं.

आता मित्रांनो, नीट ऐका. ऐंशी सालच्या दिवाळीत सोजरबाईंनी मला बाहेर काढलं. बारा वर्षांत मी कडक झालो होतो. कडेवर पांढुरकी बुरशी धरल्यासारखी दिसत होती. त्यांनी मला वाकवलं आणि त्यांचा जीव वरखाली झाला. चतुराच्या केसांना लावायला खोबरेल कोमट केलेलं होतं. त्यांनी त्यात बोटं बुडवली आणि मला चोळलं. तान्ह्या लेकराची टाळू भरावी ना, तसं. हळूहळू, गोल गोल, जिरेपर्यंत.

खोटं कशाला सांगू? मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या अंगावरून मायेने हात फिरवत होतं. मी मऊ झालो, चकाकलो. सोजरबाईंचा चेहरा खुलला. मग दर रविवारी हे चालू झालं. साहेबराव बाहेर गेले की तेल, आणि मग उन्हाची तिरीप येईल तिथे फडक्यावर ठेवायचं. "आबांना सांगू नको गं. जायच्या दिवशी दाखवू," असं त्यांनी चतुराला बजावलं होतं.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी मला कळलं की काहीतरी बिघडतंय. तेल माझ्या आत उतरत होतं. माझी कड फुगत होती, सैलावत होती. अंगाला चिकटपणा येत होता. पण मला बोलता कुठे येतं? आणि बोलता आलं असतं, तरी त्या हातांना 'थांबा' म्हणायचा धीर मला झाला असता का, कोण जाणे.

निघायच्या आदल्या दिवशी दौलतराव घरी आले. ते निवृत्त होत होते. त्यांच्या टेबलाच्या खणात नमुन्याचा एक रिकामा निळा खोका तेरा वर्षं पडून होता. "तेव्हा मिळाला नाही बिचाऱ्याला. आता तरी खोक्यातून जाऊ दे समुद्राला," ते म्हणाले. सोजरबाईंनी मला त्यात ठेवलं. मी भरून पावलो.

कोल्हापूरला एका नातलगाकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मालवणच्या एसटीत बसलो. घाट सुरू झाला. चतुरा नववीत होती. तिने खोका उघडून मला आबांच्या हातात दिलं.

साहेबरावांचा अंगठा माझ्या कडेवरून फिरू लागला. बुडबुड्यापाशी आला, ओळख पटली. मग पुढे सरकला आणि अडखळला. रबर अंगठ्याला चिकटत होतं. ज्यांनी आयुष्यभर रबर हाताळलं, त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. त्यांना त्याच क्षणी कळलं. मला त्यांच्या हाताच्या थांबण्यावरून कळलं की त्यांना कळलंय.

"काय लावलंस गं याला?" त्यांनी अगदी सहज विचारलं.

"खोबरेल," सोजरबाई म्हणाल्या. चेहरा असा, की आता शाबासकी मिळणार. "दिवाळीपासून दर रविवारी. पार वाळून गेलं होतं. आता बघा."

साहेबराव खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "छान मऊ झालंय."

आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण खोक्याच्या तळाशी तो कागद होता. चतुराने तो उलगडला होता. इंग्रजी वाचता येतं याचा तिला नवा नवा अभिमान.

"आबा, ऐका हं. वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवावा. उन्हात ठेवू नये."

"ठेव तो कागद, चतुरा. गाडी हलतीय, मळमळंल तुला."

"न्हाई मळमळत. कोणतंही तेल लावू नये. तेलाने रबर..." ती थांबली. तिने आईकडे पाहिलं.

गाडीत बाकीचे लोक बोलत होते. कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. सोजरबाईंच्या कानात मात्र काही शिरत नसावं. "वाच की," त्या म्हणाल्या. "पुढं काय?"

"तेलाने रबर खराब होते."

सोजरबाईंनी मला साहेबरावांच्या हातातून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं न्हाई."

"कुणाला ठाऊक होतं?" साहेबराव म्हणाले. "खोकाच नव्हता याला."

"तुम्हाला ठाऊक होतं. आत्ता हात लावल्यावर कळलं तुम्हाला. आन् मला म्हणता, छान झालंय!" त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "एवढी वर्षं मी याला कोंडून ठेवलं. आन् बाहेर काढलं ते मोडायलाच."

साहेबरावांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. घाट उतरेपर्यंत तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी त्या बेटाला लागली. मित्रांनो, चित्रातल्यासारखे वाकलेले माड तिथे नव्हते. काळे खडक होते, वाळूची एक चिंचोळी पट्टी होती आणि पाणी होतं. पण पाण्याचा रंग तोच होता. बारा वर्षं ट्रंकेच्या झाकणावर असलेला.

"हंयसर पाणी कमरेइतक्याच आसा. घाबरा नकात," होडीवाले काका म्हणाले.

साहेबराव पाण्यात उतरले. त्यांनी मला चेहऱ्यावर बसवलं, पट्टा मागे ओढला आणि तोंड पाण्यात घातलं. मी सगळा जीव एकवटला. पण फुगलेली कड त्यांच्या गालावरून घसरली, आणि खारं पाणी भसकन आत शिरलं. ते ठसकत वर आले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी मला काढून हातात धरलं.

"राहू दे," ते हसत म्हणाले. "झाला समुद्र बघून."

"काय बघितलंत?" काठावरून सोजरबाईंनी विचारलं.

"मीठ."

ते पुन्हा हसले, पण लाल झालेले ते डोळे हसत नव्हते. ते डोळे पुढच्या थंडीपर्यंत टिकतील असं कुणीच सांगितलेलं नव्हतं, आणि हे काठावरच्या दोघींनाही ठाऊक होतं.

सोजरबाईंनी चतुराचा हात सोडला. "इथंच बस. हलू नको," म्हणाल्या. पदर कमरेला खोचला, लुगडं वर घेतलं आणि त्या पाण्यात उतरल्या. गुडघ्यापर्यंत आल्यावर क्षणभर डोळे मिटले. मग कमरेपर्यंत आल्या.

"आणा इकडं," त्यांनी मला घेतलं, साहेबरावांच्या चेहऱ्यावर बसवलं आणि दोन्ही तळवे माझ्या कडेवर दाबले. एक तळवा डावीकडे, एक उजवीकडे, अंगठे वर कपाळाशी. "मी धरते. तुम्ही बघा."

"अगं, पण तू..."

"बोलू नका. दम घ्या आन् बघा."

साहेबराव वाकले. मी पाण्यात गेलो, आणि त्या तळव्यांनी मला असं धरलं होतं, की एक थेंब आत आला नाही.

वर सोजरबाई मोजत होत्या. एक, दोन, तीन.

आणि खाली, मित्रांनो! खडकावर जांभळी, पिवळी झुडपं. त्यांच्यातून निळा मासा आला, अंगावर सोनेरी रेघा. तो अगदी माझ्या काचेसमोर थांबला. साहेबरावांना बाजूचं दिसत नव्हतं, पण मासा समोरच होता. मग त्याच्यामागून दुसरा, मग दहा, मग एवढे की मोजवेनात. वाळूत एक तारामासा पडला होता, कुणी विसरून गेल्यासारखा. त्या पाचशे जणांनी जे बघितलं, ते आम्ही बघत होतो.

अठरा. एकोणीस. वीस. मी वाट पाहिली. पण सोजरबाई ओरडल्या नाहीत. एकवीस, त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, तळवे कापत नव्हते. तीस. चाळीस. एकेचाळीसला साहेबराव वर आले. त्यांनी मला काढलं.

"काय दिसलं?" सोजरबाईंनी विचारलं.

त्यांनी मला पाण्यात खळबळून घेतलं आणि सोजरबाईंच्या चेहऱ्यावर बसवलं. "आता तू. मी धरतो."

"मी? छे! मला न्हाई जमायचं!" आतून आवाज आला, तोच बदकासारखा, मिरच्यांच्या दिवशीचा. काठावर चतुरा खदखदून हसली.

त्यांनी तोंड पाण्यात घातलं. साहेबराव मोजत होते. पाच आकड्यांपर्यंत डोळे घट्ट मिटलेले होते. सहाव्याला ते उघडले. मी त्यांच्या डोळ्यांच्या इतका जवळ होतो, की निळा मासा मला त्यांच्या बुबुळात दिसला.

आज त्याला दोन वर्षं झाली. त्या दिवसानंतर मी पुन्हा पाण्यात गेलो नाही. माझी कड आता बोटाला चिकटते आणि पट्टा तुटला आहे. साहेबरावांना हल्ली उजेड आणि सावली एवढंच कळतं. पण मला आता ट्रंकेत ठेवत नाहीत. संध्याकाळी ते खिळ्यावरून मला काढून मांडीवर घेतात आणि बुडबुड्यावरून अंगठा फिरवतात. चुलीशी बसलेल्या सोजरबाई विचारतात, "काय बघताय?" ते म्हणतात, "तोच. निळा." आणि सोजरबाई म्हणतात, "त्याच्या पाठीवर सोनेरी रेघा होत्या, किती होत्या सांगा." मग दोघे भांडतात. ते म्हणतात तीन, त्या म्हणतात चार.

चार होत्या. मी अगदी जवळून पाहिलं आहे. पण मला विचारतं कोण?

मित्रांनो, तुमच्या घरातही ट्रंकेत कुणीतरी पडून असेल. त्याला वेळेवर बाहेर काढा. आणि जपायला घ्याल, तेव्हा त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, ते आधी कुणालातरी विचारा. नुसती माया पुरत नाही. पण एवढं करूनही कुणाची कड सैल झालीच, तर त्याला टाकून देऊ नका. दोन्ही तळव्यांनी नीट दाबून धरा, आणि वीस झाल्यावरही मोजत राहा.